सोडायची शिदोरी

आमच्या बास्क डोंगरात माणसाला घराच्या नावाने ओळखतात.
सागास्तिसारचा जोशांतोन, दगड उचलणारा.
जत्रेच्या चौकात कातडी बंडी घालून
एकशे ऐंशी किलोचा गोल काळा धोंडा
मांडीवर, पोटावर, छातीवर, मग खांद्यावर.
आणि खाली गादीवर असा टाकायचा
जसा पाहुणा टोपी टाकतो.

लोक धोंडा बघायचे.
मी पाठ बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी
तीच पाठ माझ्या लाकडी बाकावर पालथी असायची,
रोझमेरीच्या तेलाखाली.
तीस वर्षं माझा अंगठा तिथे गाठी शोधत फिरला.
कुठली गाठ कुठल्या जत्रेतली, तेही सांगितलं असतं.

माझी भाची गारासी बिल्बाओला शिकते.
एकदा तिने सायडरच्या पिंपावर खडूने काढून दाखवलं:
हा दोर. दोरात जुड्या. जुडीत तंतू.
तंतूत आणखी तंतू. आणि अगदी तळाशी
दोनच जातीचे धागे, एक जाड, एक बारीक.
जाडाला डोकी असतात, होडीला वल्ही असावीत तशी.
डोकं धरतं, वाकतं, सोडतं,
जरा पुढे जाऊन पुन्हा धरतं.
"कुठलाच धागा आखूड होत नाही, मावशी.
नुसते एकमेकांत सरकतात."

म्हणजे चौकातली पोरं बाही वर करून
जी बेटकुळी दाखवतात, ती सरकासरकीच.
(जुन्या लॅटिनवाल्यांना म्हणे तिथे उंदीर दिसला होता.
कातडीखाली काहीतरी पळतं, एवढं सगळ्यांनाच कळलं.)

"आणि ढकलताना?"
"ढकलता येतच नाही. स्नायूला फक्त ओढता येतं.
तू दार लोटतेस तेव्हाही
दंडाच्या मागचा ओढतो, म्हणून कोपर उघडतं.
आणि पुढच्याला तेवढा वेळ सैल पडावं लागतं."
मला जोशांतोन आणि त्याची बित्तोरी आठवली,
एका छपराखाली एकेचाळीस वर्षं.
मी काही बोलले नाही. सायडर ओतलं.

फेब्रुवारीत तो गेला. खुर्चीत, शेगडीपाशी,
चेस्टनट सोलता सोलता.
नर्सच्या आधी मला बोलावलं.
मी पोचेपर्यंत जबडा धरला होता, मान धरली होती,
आणि डाव्या मुठीत एक चेस्टनट, न सोललेला.
बित्तोरीला त्या हातात जपमाळ द्यायची होती.
ती म्हणाली, "बघ ना, अजून उचलतोच आहे."

मला पिंपावरचा खडू आठवला.
गारासी म्हणाली होती, धरलेलं सुटतं ते फुकट नाही.
सोडायला प्रत्येक डोक्याला शिदोरीतला एक कण लागतो.
श्वास थांबला की शिदोरी संपते
आणि सगळी डोकी, असतील तिथे,
धरून बसतात.
हे मी बित्तोरीला कसं सांगणार होते?
की हा जोर नाही गं,
हा उपास आहे.

मुलगा म्हणाला, "मावशी, जरा ताकद लावून उघड."
मी लावली नाही.
अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून बसले,
जिथे बोटांचे दोर एका अरुंद बोळातून जातात.
तीस वर्षांत पहिल्यांदाच तिथे
माझ्या अंगठ्याला कुणी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या रात्री उशिरा बोटं आपोआप उघडली.
त्याने सोडलं म्हणून नाही.
धागेच विरायला लागले होते.
बित्तोरीने जपमाळ गुंडाळली, घट्ट नाही,
आणि चेस्टनट एप्रनच्या खिशात टाकला.
मुलगा बाहेर जाऊन लाकडं फोडू लागला, रात्री दोन वाजता.

मी घरी आले. केसांतला चाप काढायला
दोन्ही हात डोक्यामागे नेले.
ते तिथे थोडा वेळ राहिले.
मग, मी काही न सांगता,
खाली आले.